एका साक्षीचे मोल : चौलच्या किनाऱ्यावरून दिसणारा अग्निगोल

चौल गावात उभे राहून आकाशाचे निरीक्षण करावे म्हटले तर ते सहसा साधत नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या इतक्या दाट आहेत की माथ्यावरचे चार तारे तेवढे झावळ्यांच्या फटींतून दिसतात. क्षितिजापर्यंतचे आकाश पाहावयाचे तर समुद्रकिनारा गाठावा लागतो, नाही तर दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. किनाऱ्यावर उभे राहिले की समोर अरबी समुद्र, दक्षिणेस कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लईच्या किल्ल्याचे टेकाड, उत्तरेस अलिबागकडे जाणारा किनारा आणि त्याही पलीकडे मुंबईच्या दिव्यांनी उजळलेला क्षितिजाचा पट्टा, असे दृश्य असते. अशा ठिकाणी रात्री उभ्या असलेल्या माणसास एखादे वेळी विलक्षण प्रकार दिसतो. शुक्राहून कितीतरी तेजस्वी असा हिरवट-पांढरा गोळा आकाशातून सरकत जातो, वाळूवर माणसाची सावली पडते, गोळ्याचे दोन-तीन तुकडे होतात आणि चार-पाच सेकंदांत सारे संपते. दुसऱ्या दिवशी तो माणूस सांगतो, "काल रात्री कोर्लईच्या मागे समुद्रात एक जळता गोळा पडला."

या वाक्यात पुरावा किती आणि अनुमान किती, हे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. ज्योतिषाच्या अन्य शाखांत निरीक्षणाचा विषय बहुधा उद्या पुन्हा उगवतो. गुरूचे उपग्रह आज ढगांमुळे हुकले तर उद्या पाहता येतात. अग्निगोल एकदाच दिसतो. तो कोठे व केव्हा येणार हे, क्वचित अपवाद वगळता, आधी सांगता येत नाही. (असा एक अपवाद २००८ सालच्या ऑक्टोबरात घडला. सुदानवर येऊन फुटलेला पाषाण आदल्या दिवशीच दुर्बिणीतून सापडला होता.) आणि बहुतेक वेळा तो दुर्बिणीपाशी बसलेल्या ज्योतिर्विदाला न दिसता जाळी घेऊन परतणाऱ्या कोळ्याला, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला किंवा शेवटच्या एस. टी.ची वाट पाहणाऱ्या उतारूला दिसतो. म्हणजे या शास्त्राची मूळ सामग्री कित्येकदा शास्त्रज्ञाच्या हाती नसतेच. ती साक्षीदाराच्या स्मरणात असते, आणि स्मरण तासातासाने बदलत असते.

साक्षीदारावर विश्वास ठेवावा की नाही, हा वाद या शास्त्राच्या जन्माइतकाच जुना आहे. आकाशातून दगड पडतात हे अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील बहुतेक विद्वानांना मान्य नव्हते. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेगल गावाच्या परिसरात सुमारे तीन हजार दगडांचा वर्षाव झाला. तेव्हा झां-बातिस्त बिओ हा तरुण पदार्थविज्ञानवेत्ता तेथे प्रत्यक्ष गेला, गावोगाव फिरून त्याने शेतकऱ्यांच्या साक्षी घेतल्या, दगड कोठे कोठे सापडले ते नकाशावर मांडले आणि त्यांवरून उल्कापाषाणांचे आकाशीय मूळ विद्वानांच्या गळी उतरवले. बिओचे खरे कौशल्य हे की त्याने साक्षीदारांना 'काय झाले' असे विचारण्याऐवजी 'कोठे उभे होता, कोणीकडे पाहिले, आवाज केव्हा आला' असे विचारले.

प्रथम संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. अवकाशात फिरणारा लहानसा घन कण वातावरणात शिरल्यावर जी प्रकाशरेषा उमटते ती उल्का. आंतरराष्ट्रीय ज्योतिषसंघाच्या संकेतानुसार जी उल्का उणे ४ प्रतीहून, म्हणजे स्थूलमानाने शुक्राहून, अधिक तेजस्वी असते तिला अग्निगोल म्हणावयाचे. त्यातून काही अंश जमिनीपर्यंत पोचला तर त्या दगडाला वा धातुखंडाला अशनि असे म्हणतात. आपल्या परंपरेत हे शब्द निराळ्या अर्थांनी योजलेले आढळतात. वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त उल्कांसाठी स्वतंत्र अध्याय दिला असून धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. आकार, पुच्छाची लांबी, वर्ण आणि ध्वनी ही त्याची वर्गीकरणाची लक्षणे होत. अशनि मोठ्या आवाजाने भूमी विदारते आणि विद्युत् तडतडते, असे त्याचे वर्णन आहे. या तडतडीकडे पुढे यावयाचेच आहे. फलादेशाचा भाग सोडला तरी लक्षणांचा भाग आजही वाचण्याजोगा आहे; मात्र वस्तू किती उंचीवर होती हा प्रश्न त्यात कोठेच नाही. तो प्रश्न भूमितीचा आहे, आणि एकट्या साक्षीदाराला तो सोडविता येत नाही.

अग्निगोलाचा प्रकाश कसा निर्माण होतो याविषयी पाठ्यपुस्तकांत 'घर्षणाने पेट घेतो' असे सरसकट लिहिलेले असते, ते तितकेसे बरोबर नाही. कण सेकंदास ११ ते ७२ किलोमीटर इतक्या वेगाने येतो. इतक्या वेगाने येणाऱ्या वस्तूच्या वाटेतून हवेला बाजूला सरण्यास अवधीच मिळत नाही. ती पुढे दाबली जाते व हजारो अंशांपर्यंत तापते. त्या उष्णतेने पाषाणाचा पृष्ठभाग वितळून व वाफ होऊन निघून जातो, आणि ती वाफ व तापलेली हवा मिळून प्रकाश देतात. सेकंदास २० किलोमीटर वेगाच्या एक किलोग्रॅम दगडाची गतिज ऊर्जा २० कोटी जूल होते. ती सुमारे ४८ किलोग्रॅम टीएनटी या स्फोटकाच्या ऊर्जेइतकी आहे. एवढ्याशा दगडाने रात्रीचा किनारा उजळावा याचे मग आश्चर्य वाटत नाही. ज्वलन बहुधा १०० किलोमीटर उंचीच्या आसपास सुरू होते. वस्तू दणकट व मंद असेल तर ती ३० किलोमीटर किंवा त्याहूनही खाली उतरते, आणि वेग सेकंदास सुमारे तीन किलोमीटरपर्यंत घटला की प्रकाश विझतो. त्यापुढे उरलेला दगड अंधारात, कोणालाही न दिसता, साध्या धोंड्यासारखा खाली येतो. तेव्हा 'जळता गोळा जमिनीवर पडताना पाहिला' असे कोणी म्हटले तर त्याने काहीतरी पाहिले हे खरे, परंतु पडताना पाहिले हे खरे नव्हे. प्रकाश विझला तेव्हा वस्तू जमिनीपासून किमान वीस-तीस किलोमीटर उंच होती.

मग ती कोर्लईच्या मागे कशी दिसली? याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. चौलच्या वाळूवर उभ्या असलेल्या निरीक्षकास अग्निगोल ४० किलोमीटर उंचीवर विझताना क्षितिजापासून ५ अंश वर दिसला, असे धरू. पृथ्वीची वक्रता हिशेबात घेतली तर ती जागा चौलपासून सुमारे ३५० किलोमीटर दूर पडते. किल्ला चार पावलांवर आणि प्रकाश साडेतीनशे किलोमीटरांवर. दृष्टीला मात्र दोन्ही एकाच पडद्यावर चिकटवल्यासारखे दिसतात, कारण एवढ्या अंतरावर माणसाच्या डोळ्यांना अंतर जाणण्याचे कोणतेच साधन उरत नाही. जवळचा किल्ला, ओळखीचा माड, देवळाचा कळस यांच्याशी मन त्या प्रकाशाचा संबंध जोडते आणि अंतर ठरवून मोकळे होते. साक्षीदार खोटे बोलत नसतो. 'कोर्लईच्या टेकाडावर' ही दिशा म्हणून उत्तम साक्ष आहे. 'कोर्लईच्या मागे समुद्रात' ही जागा म्हणून काहीच साक्ष नाही.

याचे प्रत्यक्षाजवळचे उदाहरण घेऊ. २८ जानेवारी १९७६ च्या रात्री सौराष्ट्रावरून एक मोठा अग्निगोल गेला आणि धजाळा गावाच्या परिसरात अशनींचा वर्षाव झाला. एकूण चाळीस किलोग्रॅमांहून अधिक दगड गोळा करण्यात आले व अहमदाबादच्या भौतिकीय संशोधन प्रयोगशाळेत त्यांचा तपशीलवार अभ्यास झाला. चौलपासून धजाळा उत्तर-वायव्येस सुमारे ४५० किलोमीटर आहे. तेथे ८० किलोमीटर उंचीवर असलेला प्रकाश चौलहून पाहता, आकाश निरभ्र असल्यास, गणिताने क्षितिजापासून सुमारे ८ अंश वर यावा. म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीहूनही कमी उंचीवर. त्या रात्री किनाऱ्यावर कोणी असता तर अलिबागच्या पलीकडे समुद्रात काही पडले असे त्याने शपथेवर सांगितले असते, आणि दगड मात्र सौराष्ट्रातील शेतांत सापडले.

धजाळा येथील घटनेचे महत्त्व आणखीही एक आहे. जी. एम. बल्लभ, अरविंद भटनागर आणि नरेंद्र भंडारी यांनी १९७८ मध्ये या अशनीची सूर्याभोवतीची कक्षा प्रसिद्ध केली, ती प्रत्यक्षदर्शींच्या कथनांवरून काढलेली होती. त्यापूर्वी, ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियातील प्रिब्राम येथे पडलेल्या अशनीची कक्षा झ्देनेक सेप्लेखा यांनी छायाचित्रांवरून निश्चित केली होती. छायाचित्रांवरून कक्षा मिळालेला तो पहिला अशनि. आपल्याकडे तशी छायाचित्रयंत्रणा त्या वेळी नव्हती. जे होते ते लोकांचे डोळे. त्या डोळ्यांवरून सौरमालेतील मार्ग काढता आला, ही गोष्ट साक्षीदारांना हसण्यावारी नेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

एका साक्षीने जे होत नाही ते दोन साक्षींनी कसे होते? या तत्त्वाचा पहिला पद्धतशीर प्रयोग गटिंगेन विद्यापीठातील ब्रांडेस व बेन्झेनबर्ग या दोन विद्यार्थ्यांनी १७९८ च्या सप्टेंबरपासून केला. काही किलोमीटर अंतरावर दोघे दोन ठिकाणी बसले आणि दिसलेल्या प्रत्येक उल्केचा मार्ग ताऱ्यांच्या संदर्भाने टिपत गेले. त्यांनी ४०२ उल्का नोंदल्या. त्यांपैकी दोघांनाही निश्चितपणे दिसलेल्या केवळ २२ निघाल्या. त्या बावीसांनी उल्का वातावरणात सुमारे नव्वद किलोमीटर उंचीवर दिसतात हे सिद्ध केले. महाग उपकरण नाही, मोठी वेधशाळा नाही. दोन विद्यार्थी, दोन वह्या आणि मधले मोजलेले अंतर, एवढ्यावर हे झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे असे वाटते.

आता चौलकडे पुन्हा येऊ. चौलचे अक्षांश १८.५५ आणि पुण्याचे १८.५२, म्हणजे दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. रेखांशातील अंतर सुमारे ०.९३ अंश, म्हणजे ९८ किलोमीटर. अग्निगोलाच्या मोजणीसाठी पाया म्हणून हे अंतर फार सोयीचे आहे, कारण ते अग्निगोलाच्या उंचीच्याच मापाचे आहे. पाया फार आखूड असेल तर कोनांतील फरक चुकांत बुडून जातो. फार लांब असेल तर एका ठिकाणी प्रकाश क्षितिजाखाली जातो. शिवाय हा पाया नेमका पूर्व-पश्चिम असल्यामुळे आकडेमोड सुलभ होते. चौल व पुणे यांना जोडणाऱ्या रेषेच्या वर एखादा अग्निगोल विझला, चौलहून तो पूर्वेस ४५ अंश उंच दिसला आणि पुण्याहून पश्चिमेस ६० अंश उंच दिसला, असे समजू. उंचीची व त्या दोन कोनांच्या स्पर्शज्यांची सांगड घालता उंची ६२ किलोमीटर येते, आणि खालची जागा चौलपासून ६२ किलोमीटर पूर्वेस, म्हणजे मुळशीच्या धरणाच्या आसपास पडते.

परंतु खरी अडचण येथूनच सुरू होते. साक्षीदार 'क्षितिज आणि डोक्यावरचा बिंदू यांच्या बरोबर मध्यावर' असे सांगतो आणि आपण ४५ अंश लिहून घेतो. आकाशाचा घुमट माणसाला अर्धगोलाकार दिसत नाही, चपटा दिसतो. त्यामुळे ज्याला तो मध्य म्हणतो तो बहुधा ३० अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली असतो. वरील उदाहरणात चौलचा कोन ४५ ऐवजी ३० घेतला तर उंची ६२ वरून ४२ किलोमीटरांवर येते, आणि जागा मुळशीहून सरकून पौडकडे जाते. वीस किलोमीटरांची ही चूक केवळ 'मध्य' या एका शब्दातून उद्भवते. यास्तव साक्षीदाराला अंश विचारू नयेत. त्याला त्याच जागी, शक्य तर त्याच वेळी, पुन्हा उभे करावे. हात लांब करवून प्रकाश जेथे दिसला तेथे बोट दाखवावयास सांगावे. आणि कोन आपण मोजावा. साधन नसेल तर लांब केलेल्या हाताची मूठ सुमारे १० अंशांची आणि ताणलेली वीत सुमारे २० अंशांची धरण्यास हरकत नाही. अमुक माडाच्या शेंड्यावर प्रथम दिसला आणि तमुक देवळाच्या कळसाशी विझला, असे सांगणारा साक्षीदार 'अंदाजे वायव्येस' म्हणणाऱ्या सुशिक्षितापेक्षा शतपटीने उपयोगी. कारण माड आणि कळस दुसऱ्या दिवशीही जागेवर असतात. दिशा होकायंत्राने घेता येते. या किनाऱ्यावर चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एका अंशाहूनही कमी असल्यामुळे आपल्या कामापुरती ती दुरुस्तीही करावी लागत नाही.

त्याहून चांगला संदर्भ म्हणजे तारे. चौल बंदरात पंधराव्या शतकात उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवृत्तात बीदर येथे पाहिलेल्या आकाशाची एक छोटी नोंद ठेवली आहे: कृत्तिका व मृग पहाटेच्या उजेडात शिरले होते आणि सप्तर्षींचे शिर पूर्वेकडे होते. तो ज्योतिषी नव्हता. तथापि प्रसंग, वेळ आणि ओळखीच्या तारकासमूहांची स्थिती एवढे तीन धागे त्याने दिल्यामुळे त्या आकाशाचे चित्र आजही मांडता येते. अग्निगोल रोहिणीच्या खालून निघून व्याधाच्या उजवीकडे विझला, एवढे सांगता आले आणि घड्याळाची वेळ जोडता आली की उन्नतांश व दिगंश, म्हणजे क्षितिजापासूनची उंची व उत्तरेपासून मोजलेली दिशा, हे दोन्ही हिशेबाने निघतात.

कालावधीचे मोल तर कोनाहूनही अधिक आहे, आणि तोच साक्षीदार सर्वांत वाईट सांगतो. भयाने किंवा नवलाने सेकंद लांबतात. चार सेकंदांचे दहा होतात, क्वचित 'एक मिनिट' होते. यावर उपाय एकच: घटना घडल्यावर लगेच ती मनात पुन्हा चालवून पाहावी व तेवढ्यात 'एकशे एक, एकशे दोन' असे सावकाश मोजावे. कालावधीचे महत्त्व कशात आहे हे २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राने अनुभवले. तो गुढीपाडव्याचा दिवस होता. पावणेआठच्या सुमारास विदर्भ, खानदेश, मराठवाडा तसेच मध्य प्रदेश व गुजरात येथील असंख्य लोकांनी ठिणग्यांच्या माळेसारखे काहीतरी आकाशातून संथपणे जाताना पाहिले, आणि बहुतेकांनी ती उल्का म्हणूनच सांगितली. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे आढळले. पवनपार येथे धातूची गोल टाकी मिळाली. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हे फेब्रुवारी २०२१ मध्ये उडविलेल्या चिनी चांग झेंग-३बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असावेत असे सांगितले.

हा भेद तेथल्या तेथे ओळखता आला असता काय? आला असता, आणि केवळ सेकंद मोजून. कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदास पावणेआठ किलोमीटरांच्या घरात असतो. सूर्याभोवती फिरणाऱ्या उल्केचा तो ११ किलोमीटरांहून कमी असूच शकत नाही. त्याहूनही मोठा फरक मार्गाच्या कलात आहे. मानवनिर्मित वस्तू जवळजवळ आडवी येते. ८० किलोमीटर उंचीवरून माथ्यावरून जाणारी अशी वस्तू एका बाजूच्या १० अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या १० अंशांपर्यंत पोचण्यास सुमारे १०० सेकंद घेते. १०० किलोमीटर उंचीवर पेटून ३० किलोमीटरांवर विझणारी, ४५ अंश कलाने व २० किलोमीटर वेगाने येणारी उल्का पाच सेकंदांत संपते. ज्याला खिशातून दूरध्वनी काढून, त्याचा कॅमेरा उघडून चित्रण करण्याइतका वेळ मिळाला, त्याने उल्का पाहिली नसावी असे समजण्यास हरकत नाही. लाडबोरीच्या कड्याने कोणास इजा झाली नाही हे सुदैव. पण आकाशातून येणारे सारेच आता दगड असत नाही, हे त्या पाडव्याने आपणांस दाखवून दिले.

ध्वनीविषयी दोन शब्द. हवेतील ध्वनीचा वेग त्या उंचीवर सेकंदास सुमारे ३०० मीटर धरला तर ३० किलोमीटर वर झालेल्या स्फोटाचा गडगडाट खाली पोचण्यास दीड मिनिटाहून अधिक लागतो. म्हणून प्रकाश विझल्यावर लगेच घरात जाऊ नये. पाच मिनिटे कान देऊन थांबावे. चौलला तीन मिनिटांनी गडगडाट ऐकू आला तर वस्तू सुमारे ५४ किलोमीटर अंतरात होती, आणि तिचे तुकडे खाली आले असण्याचा संभव बराच. याउलट काही साक्षीदार प्रकाशाबरोबरच, त्याच क्षणी, तडतड वा सळसळ ऐकल्याचे सांगतात. ध्वनी इतक्या लवकर येणे अशक्य, म्हणून अशा साक्षी दीर्घकाळ भ्रम म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. २०१७ मध्ये स्पॉल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार अग्निगोलाच्या प्रकाशाची जलद चढउतार पाने, केस, कापड अशा पातळ व गडद वस्तूंना क्षणोक्षणी किंचित तापवते आणि त्यांलगतची हवा थरथरून ध्वनी निर्माण होतो. हे स्पष्टीकरण सर्व प्रसंगांना पुरते की नाही हा वेगळा विषय. परंतु वराहमिहिराची तडतडणारी विद्युत् निव्वळ कविकल्पना म्हणून सोडून देण्याआधी थांबावे, एवढे खरे. चौलच्या माडांच्या झावळ्या या कामी नामी ठराव्यात, असे गमतीने म्हणता येईल.

सर्व नोंद कोणाशी बोलण्यापूर्वी लिहावी, हा नियम कडक आहे. चार साक्षीदार एकत्र बसून बोलले की त्यांची एकच साक्ष होते, आणि तिच्यात बहुधा सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्याचा कोन शिल्लक राहतो. नोंद नेमाने ठेवण्याचे फळ केव्हा मिळेल हे नोंद करणाऱ्यास कळत नाही, याचा दाखला चौलहून दूर शोधावयास नको. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ ची. तेथे १८४१ पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. १८५९ च्या सप्टेंबरातील प्रचंड चुंबकीय वादळाच्या वेळी तेथील निरीक्षकांनी आपले वाचन चालू ठेवले. त्या आकड्यांवरून २००३ मध्ये, म्हणजे १४४ वर्षांनी, क्षैतिज बल सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतके खाली गेले होते हे लाखिना, अॅलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच हे काम चौलपासून जवळच असलेल्या अलिबागला नेण्यात आले. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वाचने घेऊन त्यांचा मेळ बसविण्यात आला. दोन जागा आणि एकच वेळ, हे तत्त्व या किनाऱ्याला नवे नाही.

दगड सापडण्याविषयी फार आशा बाळगू नये. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी भरदुपारी अशनी पडले व लोकांनी ते लगेच गोळा केले, म्हणून ते एल-६ वर्गाचे कॉन्ड्राइट आहेत हे निश्चित करता आले. वस्तीत, कोरड्या उन्हाळ्यात, लोकांच्या डोळ्यांदेखत पडले, हे तिन्ही योग एकत्र आले. दख्खनच्या बेसाल्टी मुलखात काळ्या कवचाचा दगड काळ्या दगडांत मिसळून जातो, लोणारसारखे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर ज्याने खणले त्याचेही मोठे खंड आज दाखवता येत नाहीत. कोकणात जांभा आणि पाऊस यांची आणखी भर. लोहयुक्त अशनि एका पावसाळ्यात गंजून जांभ्याच्या रंगाचा होऊ लागतो.

आणि चौलच्या क्षितिजाचा पश्चिमेकडील सारा भाग समुद्राचा आहे. तेथे पडलेला दगड मिळण्याचा प्रश्नच नाही. मात्र त्याचा मार्ग मिळू शकतो. किनाऱ्यावरच्या कोणा एकाने माडाचा शेंडा ध्यानात ठेवला, आणि पूर्वेस ९८ किलोमीटरांवर, जेथे ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे त्या पुण्यात, दुसऱ्या कोणी तोच प्रकाश पश्चिम क्षितिजापाशी ताऱ्यांच्या संदर्भाने टिपला, तर तो कोणत्या कक्षेतून आला होता हे सांगता येईल. पावसाळ्यातील ययाति समूहाचा उल्कावर्षाव कोकणाला ढगांमुळे बहुधा पारखाच असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरातील वृषभेच्या मंद उल्कांत अग्निगोलांचे प्रमाण मोठे असते, आणि १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुनेचा वर्षाव येतो तेव्हा आकाश दोन्हीकडे निरभ्र असते. वर्षावांतील उल्का क्वचितच जमिनीपर्यंत पोचतात. परंतु दोन वह्यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्यास त्या रात्री पुरेशा आहेत.